गरिबाघरची

त्या दुपारी मायनं कूलरच्या टाकीत पाणी ओतलं आणि दार उघडं ठेवलं. धुळ्यात, देवपुरातल्या आमच्या गल्लीत तेव्हा कूलर एकट्या आमच्याकडे होता. वैशाखात जेवणं आटोपली की भिकुबाई आणि शेजारच्या आणखी दोघीतिघी गहू निवडायला आमच्याच घरात येऊन बसायच्या.

मी सुट्टीला आले होते. मला आणायला मायच ठाण्याला, माझ्या सासरी जाऊन आली होती.

"कसं शे वो पोरनं घर?" भिकुबाईनं विचारलं.

"चांगलं शे. पन बिचारासले बठ्ठं इकत लेनं पडस. कोथमीर बी." सगळंच विकत घ्यावं लागतं, याची मायला खरोखर कीव आली होती.

"आनि निजतस कोठे?"

"जठे जेवतस तठेच."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी माय उठलीच नाही. झोपेतच गेली.

दहाव्याला सासूबाई ठाण्याहून आल्या. बायकांत बसून त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "साधी होती हो बिचारी. आम्ही गरिबाघरची मुलगी केली, पण विहीणबाई कधी वर मान करून बोलल्या नाहीत."

गरिबाघरची. लग्नापासून हा शब्द मी ऐकत आले होते, पाहुण्यांसमोर, शेजारणींसमोर. माझ्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, पगाराच्या दुप्पट पगार माझ्या नवऱ्याला होता. त्या आकड्यापुढे मी गप्प बसायचे.

भिकुबाई माझ्याकडे पाहत राहिली. गल्ली ज्यांना 'कूलरवाले' म्हणायची, त्यांना कुणी गरीब म्हटलेलं तिनं पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"आई," मी सासूबाईंना म्हणाले, "माझी माय गरीब नव्हती."

"अगं, मी काही वाईट अर्थानं..."

"कुठल्याच अर्थानं नव्हती. नानांच्या कारकुनी पगारात इथे स्वतःचं घर झालं. आम्ही बहिणी कॉलेजात गेलो. घरात कुणी आलं तर त्याला कुठे झोपवायचं, हा विचार मायला कधी करावा लागला नाही. तुमच्या मुलाला दुप्पट मिळतात, आणि तिथे आपण एका खोलीत कुशी बदलायला एकमेकांना उठवतो. तुमचा दोष नाही, ठाण्यात भावच तसे आहेत. पण गरिबी मी माहेरी पाहिली नव्हती, आई. ती मला तुमच्या घरी कळली."