सरांची माणसं

आमच्या कॉलेजच्या सॉफ्टबॉल टीमला नवा कोचिंग स्टाफ आला, तेव्हा सगळ्या पोरींना व्यायामशाळेत चटयांवर बसवून ओळखीचा कार्यक्रम झाला. मुख्य कोचना सगळे नुसतं 'सर' म्हणायचे. त्यांनीच स्टाफमधल्या एकेकीची कुंडली मांडली.

"या बॅटिंगच्या मॅडम. माझ्या टीममध्ये खेळायच्या, तेव्हा गुडघ्याची वाटी सरकली होती, तरी माझ्या शब्दाखातर धावत शेवटचा बेस, होम गाठलं होतं यांनी."

मॅडम लंगडत पुढे आल्या. आम्ही टाळ्या पिटल्या.

"आणि या पिचिंगच्या बाई. एका दिवसात तीन मॅच टाकल्या. तिसरीत खांद्याचा स्नायू फाटला, पण शेवटची बॅटर बाद करूनच बाहेर आल्या."

बाईंनी हसून डावा हात हलवला. पुन्हा टाळ्या. सर आपल्या दोघी मोडक्या बायका मिरवत होते आणि आमच्या बावळट टीमला ते कौतुक वाटत होतं. मी मात्र बाईंच्या न हललेल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

कारण टीमची पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, माझी सख्खी धाकटी बहीण, आणि तिचे बॉल झेलणारी कॅचर मी. तिचा हात कसा आहे हे तिच्याआधी माझ्या तळव्याला कळतं. आठवडाभर तिचा बॉल माझ्यापर्यंत येता येता मरत होता. विचारलं की म्हणायची, "आईसारखी किरकिर नको करूस."

पिचर कधी दुखणं कबूल करत नाही. म्हणून कॅचरनेच ते पिचिंग कोचच्या कानावर घालायचं, अशी आमच्या खेळात रीत आहे. सराव सामन्याआधी मी बाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. जिने स्वतः भोगलंय ती तरी ऐकेल, असं मला वाटलं.

बाईंनी ऐकलंही. हात वर नेताना दुखतं की बॉल सोडताना, त्या कुशीवर झोपता येतं का, इतक्या मायेने विचारलं की माझे डोळे भरून आले.

"बरं केलंस सांगितलंस," म्हणाल्या आणि तडक सरांकडे गेल्या.

दोघांचं काहीतरी बोलणं झालं. मग सरांनी राखीव पिचरला घरी पिटाळलं.

"आज धाकटीच टाकेल. पहिल्यापासून शेवटपर्यंत. दुखतंय म्हणे! बघू या, किती दम आहे."

मी बाईंना गाठलं. "काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

"खरं तेच. अजून एक मॅच निघेल म्हटलं."

"पण बाई, तुमचाच खांदा..."

"माझ्या वेळी कोण आलं होतं गं सांगायला?" आवाजात राग नव्हता. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी बहिणीकडे धावले. ती खेकसली, "ताई, गप! नव्या सरांसमोर लाज काढू नकोस माझी."

मग मी झक मारत मास्क चढवला आणि तिच्यासमोर उकिडवी बसले. शेवटून दुसऱ्या डावात एक बॉल आमच्या दोघींच्या मध्येच पडला. ती वाकली. हात लोंबत राहिला.

बाईंनी येऊन तो कोपराखालून अलगद उचलला. त्या कामात त्यांचा हात बसलेला होता.

सर सावकाश आले, तिच्या डोक्यावर थोपटलं. "शाब्बास! घाबरतेस काय? मी माझ्या मुलींना कधी वाऱ्यावर सोडत नाही. शिक्षण संपलं की ये, स्टाफमध्ये घेतो तुला."

बहीण हुंदके देत होती. तशातच तिने मान वर केली, डोळे पुसले आणि म्हणाली, "थँक यू, सर."