तिसरी किल्ली

बादलीची कडी खण्णकन आपटली आणि घरातली पहाटेची शांतता मोडली. पालेभाजीवाली होती तिथेच थिजली. रात्रपाळीहून येऊन नुकताच आडवा झालेला नवरा घोरतच राहिला, पण जिनं उठू नये तीच उठली. पाच वर्षांची लेक डोळे चोळत मोरीच्या दारात उभी.

"मला सोडून चालली होतीस?"

"नाही गं माझे बाई," ती म्हणाली. मनात म्हणाली, झालं, आज हे शेपूट मागे.

बाजारात जुड्या बांधायला बसली तर लेक मांडीत. आईच्या गळ्यात सुतळीला ओवलेली किल्ली होती, ती ओढायचा चाळा सुरू. दोनदा 'नको गं' झालं, तिसऱ्यांदा सुतळीच तुटली. आईचे हात चिखलानं बरबटलेले, पुढ्यात कोथिंबिरीचा ढीग आणि समोर गिऱ्हाईक खोळंबलेलं. तिनं किल्ली एका जाड जुडीच्या पोटात खोचली, वरून सुतळीचे दोन फेरे आवळले आणि जुडी टोपलीच्या तळाशी सारली. पालेभाजीवाल्यांची ही जुनीच सवय. मोठी नोटसुद्धा त्या अशीच पानांत दडवतात. चोर गल्ल्यात हात घालतो, जुडीत घालत नाही.

किल्ली साधीसुधी नव्हती. बाजारातल्या अकराजणींनी बचत गट काढला त्याला आठ महिने झाले होते. पैशांची पत्र्याची पेटी कांदेवाल्या थोरलीकडे असायची. पण पेटी जिच्याकडे, तिच्याकडे किल्ली नाही, असा नियम. पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तिघींकडे: फळवाली, लसूणवाली आणि ही. ही तिघींत लहान. लसूणवालीनं नाक मुरडलं होतं, तेव्हा थोरली म्हणाली होती, "पोर सांभाळते ना? मग किल्ली सांभाळेल." त्या रात्री तिला आनंदानं झोप लागली नव्हती.

दुपारी गर्दी ओसरली तशी थोरलीची हाक आली, "चला गं, पेटी उघडायची!"

आज कर्जाची पाळी अंडेवालीची. नऊ वर्षं ती उन्हात पथारी टाकून बसत होती. आता कुठे पक्का गाळा तिच्या नावावर निघाला होता. पण चारच्या आत बाजार कचेरीत अनामत भरायची, नाहीतर गाळा यादीतल्या पुढच्याला जाणार. सकाळपासून तिनं सहा अंडी फोडली होती, नुसत्या घाईनं.

हिनं टोपलीच्या तळाशी हात घातला. तळ मोकळा.

आणि मग आठवलं. दहाच्या सुमाराला चार हात एकदम पुढे आले होते, आणि कुणीतरी म्हणालं होतं, "ही काय मरतुकडी जुडी? ती खालची जाड दे की." आणि तिनं दिली होती. एका जास्तीच्या गिऱ्हाइकासाठी, सुट्टे मोजता मोजता. चेहरा काही केल्या आठवेना.

"अगं, उठतेस ना?" थोरली.

"किल्ली घरी राहिली," तिच्या तोंडून गेलं. "आंघोळीला काढून ठेवली होती. ही आले घेऊन."

"काढून ठेवली!" लसूणवाली म्हणाली. "उद्या पोर काढून ठेवशील कुठेतरी."

"राहू दे गं. धाव बाई तू," अंडेवाली म्हणाली. "माझा जीव टांगणीला लागलाय."

लेकीचा हात धरून ती निघाली. घर डावीकडे होतं, ती उजवीकडे वळली. खरं सांगायला जीभ का रेटली नाही? पुढच्या महिन्यात कर्जाची पाळी तिची होती. हातगाडी घ्यायची होती, म्हणजे डोक्यावर टोपली आणि कडेवर लेक हे संपलं असतं. पण तेवढंच नव्हतं. विश्वासानं दिलेली किल्ली आपण दोन नाण्यांना विकली, हे तिला स्वतःशीसुद्धा म्हणवत नव्हतं.

रोजच्या गिऱ्हाइकांकडेच विचारायचं होतं. आधी खानावळ. तिथं रोज वीस जुड्या जायच्या. आचाऱ्यानं सुरी थांबवली नाही.

"किल्ली? कोथिंबिरीत? मला वाटलं, अळ्याच देता तुम्ही फुकट."

"दादा, थट्टा नको. कचरा कुठे टाकला तेवढं दाखवा."

त्यानं मागचा डबा दाखवला. तिनं कोपरापर्यंत हात घातला. देठं, साली, ओल्या सुतळ्या. लेक नाक धरून उभी. किल्ली नव्हती.

मग शिंपीणबाई, गल्लीच्या टोकाला. तिनं बिचारीनं मशीन थांबवून पिशवी उलटी केली, जुडी सोडून पान न् पान झटकलं. "नाही गं. पाणी पी थोडं. तोंड बघ कसं झालंय." पाणी प्यायलाही ती थांबली नाही. जिन्यावरच्या खोलीतल्या पेन्शनवाल्या आजोबांच्या दाराला कुलूप होतं. ती त्या कुलपाकडेच बघत राहिली.

"आई, पाय दुखतात."

"हो गं, झालंच आता."

परतताना दिसलं, शिंपीणबाईच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तिनं लेकीला कडेवर घेतलं आणि ती बाजाराकडे जवळजवळ पळतच सुटली.

सगळ्याजणी पेटीभोवती बसल्या होत्या. दोन कुलपं निघालेली, तिसरं लोंबकळत. अंडेवाली उभीच होती, चपला घालून.

"हरवली," ती धापा टाकत म्हणाली. "घरभर शोधली, थोरल्ये. नाही सापडत."

थोरलीनं तिच्या कोपरापर्यंत माखलेल्या हातांकडे पाहिलं, मग कांद्याच्या तराजूतलं पाच किलोचं वजन उचललं. एक घाव, दोन घाव; तिसऱ्याला कुलूप निखळलं. पैसे मोजून अंडेवालीच्या पिशवीत गेले. जाता जाता तिनं हिच्या गालाला हात लावला, "किती पळालीस गं माझ्यासाठी," आणि ती कचेरीकडे सुटली.

हिला तो हात चटका बसल्यासारखा लागला.

फळवाली समोरच्या दुकानातून नवं कुलूप घेऊन आली. थोरलीनं ते लावलं, खेचून पाहिलं आणि किल्ली हिच्यापुढे धरली.

"मला नको," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"का?" थोरली म्हणाली. "लेकुरवाळीच्या घरात वस्तू हरवायचीच. माझ्या पोरानं तर जोडवं गिळलं होतं." सगळ्या हसल्या. लसूणवालीही हसली. थोरली पुढे म्हणाली, "हरवली तर हरवली, येऊन तोंडावर सांगितलंस ना? घे."

किल्ली तळहातावर आली. थोरलीनं वरून तिची मूठ मिटवली. आता बोलावं, आत्ताच बोलावं, असं वाटत होतं, पण त्या सगळ्या अजून हसत होत्या आणि किती दिवसांनी तिच्याकडे बघून हसत होत्या.

कडेवरची लेक खाली उतरली. एकेकीच्या तोंडाकडे बघत तिनं आईची ओढणी ओढली.

"पण आई," तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आपण घरी कधी गेलो?"