ताईच्या फाइलमधल्या खुणा

ताई गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मी तिच्या चष्म्याच्या दुकानात बसायला लागले. मागच्या खोलीत भाऊजी काचा घासायचे, पुढे काउंटरवर ताई गिऱ्हाईक बघायची. आता तिच्या जागी मी. दुःख म्हणतात ते मला होत नव्हतं. दात काढल्यावर गाल कसा बधिर होतो, आपलाच असून आपला वाटत नाही, तसं अंगभर झालं होतं. त्यातही एकच गोष्ट टोचत होती. ताईला तिचं दुखणं आठ महिने ठाऊक होतं, भाऊजींना ठाऊक होतं, आणि मला, सख्ख्या बहिणीला, शेवटच्या पंधरवड्यात कळलं. भाऊजींना मी एकदा विचारलंही. ते म्हणाले, ती सांगत होती की धाकटीचं माझं मी बघते, मग मी कशाला मध्ये पडू? तिने काय बघितलं हे त्यांनाही माहीत नव्हतं.

दुकानाचं सगळं ताईने संगणकावर एकाच साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं. गिऱ्हाइकाच्या नावाआधी दोन हॅश. महत्त्वाच्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदण्या. करायच्या कामापुढे रिकामा चौकोनी कंस, काम झालं की त्यात फुली. रद्द झालेली ओळ ती पुसायची नाही, तिच्या मागेपुढे दोन-दोन नागमोडी रेघा घालायची. मी तिला चिडवायचे, की तुझी फाइल म्हणजे मुंग्या लागलेलं ताट आहे. ती म्हणायची, मग नको जेवूस.

माझा स्वभाव पुसापुशीचा. टेबलावर सुटी पिन पडलेली दिसली तरी मला चैन पडत नाही. पहिल्याच आठवड्यात मी खुणा लपवायची सोय शोधून काढली. हॅश गेले आणि नावं मोठी झाली, चांदण्या गेल्या आणि शब्द ठळक झाले, कंसांच्या चौकटी झाल्या, रद्द ओळींच्या पोटातून एक सरळ रेघ गेली. खुणा होत्या तिथेच होत्या, फक्त दिसत नव्हत्या. खरं तर एवढ्यावर माणसाने थांबावं. पण ज्या ओळीवर जावं त्या ओळीच्या खुणा तेवढ्यापुरत्या डोकं वर काढायच्या, आणि फोनवर फाइल उघडली की सगळ्या मुंग्या परत हजर. ते माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं.

एका दुपारी दुकान जेवणासाठी बंद असताना मी त्या खरोखरच काढून टाकल्या. एकेक खूण संगणकाला शोधायला लावायची आणि तिच्या जागी काहीच ठेवायचं नाही. आधी हॅश, मग चांदण्या, मग रेघा, शेवटी कंस आणि त्यांतल्या फुल्या. किती गेल्या ते संगणक दर वेळी सांगत होता. चांदण्याच दोन हजारांवर निघाल्या. मला बरं वाटलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, म्हणून ते लक्षात आहे. मी फाइल साठवली आणि संगणक बंद केला.

दहा दिवसांनी एक म्हातारे शिंपी नवा चष्मा परत घेऊन आले. कापड अगदी नाकाशी धरलं तरच टाका दिसतो म्हणाले. "बाई, मी शिवू का हुंगू?"

भाऊजींनी काच तपासली. फाइलमधून नंबर उतरवून मी दिलेल्या चिठ्ठीप्रमाणे ती अगदी बरोबर होती, चिठ्ठीच चुकीची होती. ताईने त्यांचा नंबर आधी अडीच लिहिला होता, तो त्यांना झेपला नाही म्हणून रेघा घालून रद्द केला होता आणि खाली दोन लिहिला होता. माझ्या स्वच्छ फाइलमध्ये अडीच आणि दोन एकाखाली एक, सारखेच कोरे करकरीत. मी पहिला दिसला तो उचलला होता. अशा किती रद्द ओळी मी जिवंत करून ठेवल्या असतील?

भाऊजी रागावले नाहीत. प्रत्येक चष्म्याचं कार्ड ते मागच्या खणांत ठेवत, ते सगळे खण त्यांनी पुढे आणून ठेवले. चार दिवस ते कार्ड वाचत होते आणि मी फाइल सुधारत होते. एकेक नाव जुळत गेलं, तसा माझा जीव भांड्यात पडत गेला. नावं संपली आणि फाइलच्या अगदी तळाशी 'घरचं' असा शब्द आला. इतक्या खाली मी कधी गेलेच नव्हते.

गॅसची नळी बदलायची. ह्यांचे बूट शिवायला टाकायचे. पडद्यांची मापं घ्यायची. धाकटीला रिपोर्टचं सांगायचं.

मी त्या ओळीकडे बघत राहिले. तिच्यापुढे फुली नव्हती हे मला ठाऊक होतं, कारण ताईने सांगितलंच नव्हतं. पण कंस रिकामा होता, म्हणजे सांगायचं राहून गेलं? की मागेपुढे रेघा होत्या, म्हणजे धाकटीला सांगायचं नाही असं तिने ठरवलं? एवढंच मला हवं होतं, आणि ते इथे लिहिलेलं होतं, आणि ते मीच पुसलं होतं. जुनी प्रत कुठेच नव्हती, फोनवरही हीच फाइल उघडायची. या ओळीचं कार्डही नव्हतं.

मी संगणकाचा पडदा भाऊजींकडे वळवला आणि विचारलं, इथे काय होतं? त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला आणि बराच वेळ वाचलं.

"रिकामा कंस होता," ते म्हणाले. "रेघा नव्हत्या. मी बघितलंय. सांगणार होती ती तुला."

भाऊजींनी ती फाइल आजवर कधी उघडलेली नव्हती. पान खाली कसं सरकवतात हे त्यांनी मला आदल्याच दिवशी विचारलं होतं.

मी म्हटलं, "बरं."

ते उठून आत गेले. मी त्या ओळीपुढे माझ्या हाताने रिकामा कंस टाकला, फाइल साठवली, आणि मग मला रडू आलं, मोठ्याने, दुकानात, काउंटरवर डोकं टेकून. आत भाऊजींनी काचा घासायचं यंत्र सुरू केलं. काच न लावता यंत्र चालवलं की त्याचा आवाज वेगळा येतो, एव्हाना मला तो ओळखू यायला लागला होता. माझं रडणं संपेपर्यंत त्यांनी ते तसंच चालू ठेवलं.