म्हाळसाबाईंची पारख

आमच्या मुलांच्या वॉर्डात एक मशीन आहे. पोराच्या हातापायाला चार स्टिकर लावायचे, मिनिटभर गप्प झोपवायचं, की अंगात पाणी किती, चरबी किती, मांस किती, सगळं पडद्यावर. ते मी चालवते आणि त्याचा मला जरा तोराही आहे.

फर्दापूरच्या म्हाळसाबाईंवर त्या तोऱ्याचा काडीचाही परिणाम झाला नाही. बाईंचा जन्म मेंढरांमागं गेलेला. नातू सत्यम आठ वर्षांचा, किडनीच्या आजारानं सुजलेला. तुलनेला निरोगी मुलांचीही मापं लागतात, म्हणून त्याची बहीण प्रांजलीही यायची. मी पाकिटातून स्टिकर काढेपर्यंत आजी दोघांच्या कमरेवर, कण्याच्या बाजूनं बोटं दाबून मोकळ्या. बाजारात मेंढराची पारख अशीच करतात म्हणे. मग निकाल मोठ्यानं. सत्यमला, "लई गुटगुटीत झालाय गं माझा राजा!" आणि धडधाकट प्रांजलीला, "ही मेली वाळकी काठी!"

मशीन नेमकं उलटं सांगायचं. सलग तीन महिने सत्यमच्या अंगात वाढलं ते नुसतं पाणी. धन्य ती पारख, असं म्हणत मी मनात हसायचे.

चौथ्या महिन्यात मात्र हसू आलं नाही. याही वेळी पाणीच निघालं तर आणखी जड औषध सुरू करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. वजन जिथल्या तिथं. गाल औषधानं फुगलेले, त्यामुळं तोंडावरून काही कळेना. आजींनी कमर दाबली. पुन्हा दाबली.

"नुसती हाडं ऱ्हायलीत मेल्याची," त्या म्हणाल्या.

मी घाईघाईनं स्टिकर लावले. पडद्यावर आकडे आले: पाणी उतरलं होतं, मांस वाढलं होतं.

"आजी, मांस वाढलंय! तुमची पारख चुकली!"

त्यांनी माझ्या तोंडावर हातच ठेवला. "हळू गं बाई! वाढलंय म्हनून तर हाडं म्हनले. दृष्ट लागंल ना."

"मग तीन महिने गुटगुटीत म्हणत होतात ते?"

"पान्याला कोन दृष्ट लावतंय?" त्या पुटपुटल्या. "पर पोराला तोंडावर सांगायचं व्हय, तू नुसता सुजलाय म्हनून?"

म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. पहिल्या दिवसापासून.

"आज्जे, काय निघालं?" पलंगावरून सत्यमनं विचारलं.

आजी पदरानं डोळे पुसत होत्या. मग मीच गळा काढला, "काय निघणार? नुसती हाडं आहेस रे तू!"