तळाच्या टाकीतले ठोके

आमच्या घराला बेल होती, पण घरचं माणूस ती कधी वाजवत नसे. दोन ठोके जवळजवळ, मग जरा थांबून एक. एवढं ऐकलं की आई कोण आहे हे न विचारता कडी काढायची.

ही खूण बाबांची. तरुणपणी ते दुसऱ्याच्या गोदीत कामाला होते. एकदा ते जहाजाच्या तळाच्या टाकीत असतानाच कुणीतरी वरून झाकण लावून टाकलं. बाबा हातोडीनं ठोकत बसले, पण बाहेर यंत्रांचा एवढा कलकलाट की कुणाला ऐकूच जाईना. शेवटी त्यांनी ताल धरला. दोन आणि एक, दोन आणि एक. तेव्हा कुठं एका फिटरला कळलं की हे यंत्र नाही, आत माणूस आहे.

पुढं स्वतःची गोदी काढली तेव्हा बाबांनी दोन नियम घातले. जहाजाच्या पोटात जाणाऱ्यानं फाटकाजवळच्या खिडकीतून आपला पितळी बिल्ला घ्यायचा आणि बाहेर आल्यावर फळीवरच्या आपल्या खिळ्याला परत लावायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस आत. दुसरा नियम असा, की टाकीचं झाकण मालकानं स्वतः उभं राहून लावायचं. आधी झाकणावर ठोकायचं, आणि चहाचा कप संपेल एवढा वेळ कान लावून ऐकायचं. मगच बोल्ट. लोक हसायचे. बाबा म्हणायचे, "हसा. आत तुम्ही नव्हता."

ती खिडकी माझी. नवरा गेल्यावर मी माहेरी आले आणि बाबांनी मला तिथं बसवलं. कामगार पाठीमागं मला जेलर म्हणायचे. म्हणोत! माझ्या खिडकीतून बिल्ल्याशिवाय एक माणूस आत गेला नाही. म्हणजे एक सोडून. तो माझा धाकटा भाऊ.

धाकटा म्हणजे अंगात वारं भरलेला. बाबा लाकडी होड्या बांधायचे. यानं लोखंड आणलं. आधी माल वाहायचा सपाट बार्ज, मग जहाजं ओढणारा टग, मग माणसं नेणारी मोठी फेरी. जहाज पाण्यात सोडायचा दुसरा उतार बांधला, क्रेन आली, वरच्या मजल्यावर काचेचं ऑफिस आलं. पेपरात हेल्मेट घातलेला फोटो आला, तर आई म्हणाली, "डोक्यावर पातेलं कशाला घेतलंय यानं?" बँकेचे साहेब त्याच्या ऑफिसबाहेर सोफ्यावर वाट बघत बसायचे. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "ताई, हे जहाज होऊ दे, मग बघू." जहाजं झाली, लग्न राहिलं.

आई आधी गेली, मग बाबा. जाताना बाबा मला म्हणाले, "गोदी राहिली तर राहिली, नाही तर नाही. धाकट्याला तेवढं सांभाळ. त्याला थांबून ऐकायची सवय नाही." बस. एवढंच एक काम माझ्यावर सोपवलं होतं.

बाबा गेल्यावर एक नंबरचा बिल्ला त्याचा झाला. चार दिवस घेतला, मग एकदा खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "ताई, मालकानं बिल्ला मागायचा म्हणजे बाहेरचे लोक हसतात गं." मी तोंड वाजवलं, पण तो ऐकतोय कुठला! बिल्ला खिळ्यावरच काळा पडत गेला.

मग त्यानं मालवाहू जहाजाचं काम घेतलं. आमच्या उतारापेक्षा लांब जहाज. उतार वाढवायला कर्ज, नव्या क्रेनला कर्ज. जहाज अर्धं झालं आणि समुद्रावरच्या मालाची भाडी कोसळली. ज्या कंपनीनं जहाज मागितलं होतं ती फोन उचलेना. बँकेनं सांगितलं, तळाच्या टाक्या बंद करून आमच्या तपासनीसाचं सील लागलं की पुढचा हप्ता, त्याआधी छदाम नाही.

तो तपासनीस आला तो घड्याळ बघतच आला. शेवटच्या टाकीचं झाकण उघडं, मुकादम हातोडी घेऊन उभा, आणि धाकटा वर ऑफिसात फोनवर. मुकादमानं निरोप पाठवला. उत्तर आलं, लावून टाका. मी तरातरा जिना चढून वर गेले.

"अरे, तू खाली ये. एकदा ठोक आणि मग लाव."

त्यानं फोनवर हात ठेवला. "आत कोण असणार, ताई? फळी बघ. सगळे बिल्ले जागेवर आहेत ना?"

होते. सगळेच्या सगळे. मी खाली आले. मुकादमानं बोल्ट आवळले आणि तपासनीसानं शिशाचं सील मारलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. यंत्रं थांबली. माणसं जहाजाच्या सावलीत डबे सोडून बसली, ऊन रणरणत होतं. आणि जहाजाच्या पोटातून आवाज आला. दोन ठोके जवळजवळ. मग जरा थांबून एक.

माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. मुकादमाचा हात डब्यावर तसाच थबकला. पुन्हा आला. दोन, आणि एक. मी धावत खिडकीत गेले, तर एकही खिळा रिकामा नाही. मुकादमानं एकेकाला हाक मारून माणसं मोजली. सगळी हजर. तोवर धाकटा खाली आला होता. त्याच्यासमोर पुन्हा वाजलं, आणि या वेळी जोरात.

"लोखंड उन्हानं तापलं की वाजतं," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तापलेलं लोखंड मध्ये थांबून ठोकतं का रे?"

"मालक, उघडून बघू," मुकादम म्हणाला. "पाच मिनिटांचं काम आहे."

"सील तोडलं तर हप्ता थांबतो. हप्ता थांबला तर ही सगळी माणसं उद्या घरी. सांग, तोडू?" हे तो मुकादमाला नाही, मला विचारत होता. मुकादम पायाशी बघत राहिला. मी पुन्हा माणसं मोजली. आत कोणी नव्हतंच ना! माणसं सगळी माझ्या डोळ्यांसमोर उभी होती.

मग ते रोजचं झालं. बरोबर जेवणाच्या सुट्टीत. जसं काही आतल्याला ठाऊक होतं, की एरवी ठोकून उपयोग नाही. आधी वेल्डरांनी कानाला खडा लावला. त्या जहाजाला हात लावणार नाही म्हणाले, आणि दुसरीकडे कामं धरली. नवे आणले, तर ते एक सुट्टी झाली की बिल्ला टाकून फाटकाबाहेर. मिळालेला हप्ता व्याजातच गेला. नवी क्रेन ज्याची होती तो येऊन घेऊन गेला. काचेच्या ऑफिसातला सोफासुद्धा गेला. आता बँकेचे साहेब उभ्या उभ्याच बोलायचे आणि धाकटा खाली मान घालून ऐकायचा. मला त्या साहेबांच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची.

पण माझा जीव खरा तुटायचा तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. धाकटा रोज दुपारी जाऊन त्या टाकीखाली बसायला लागला. डबा तसाच परत यायचा. तो जवळ गेला की ठोके भराभर यायचे, दूर गेला की मंद. त्याच्या गालाची हाडं वर आली. रात्री झोपेत त्याची बोटं पलंगाच्या कडेवर वाजायची. दोन, आणि एक. मला वाटलं, बाबाच आहेत. नियम मोडला म्हणून रागावलेत आणि पोराला बोलावून घेताहेत.

एका रविवारी दुपारी गोदीत चिटपाखरू नव्हतं. मी एकटी त्या टाकीखाली गेले. गंजाचा वास येत होता. ठोके चालूच होते. मी त्या गार पत्र्याला तोंड लावलं आणि म्हटलं, "बाबा, पुरे करा आता. नका ठोकू. पोरगं वेडं होईल माझं. त्याला राहू द्या."

दोन ठोके झाले होते. तिसरा आलाच नाही.

त्यानंतर टाकी कधी वाजली नाही. मला वाटलं, जिंकले. हे मी कुणाला सांगितलं नाही, धाकट्यालाही नाही. तो मात्र आवाज थांबल्यावर जास्तच खचला. भर सुट्टीत पत्र्याला कान लावून उभा राहायचा आणि म्हणायचा, "ताई, आता आत कोणीच नाही का गं?"

गोदी काही वाचली नाही. बँकेनं कुलूप लावलं. ते अर्धं जहाज एका परक्या कंपनीनं घेतलं. दुपारच्या भरतीला पाण्यात उतरवायचं आणि टगनं ओढत न्यायचं ठरलं. त्यांची माणसं सकाळपासून वावरत होती. प्रत्येक टाकी उघडून आत बॅटरी मारायची, झाकण लावायचं, पुढं जायचं. मुकादम शेवटचा निरोप घ्यायला आला होता. धाकटा कुठं दिसेना. बघवत नसेल, असं म्हणून मी मनाची समजूत घातली.

बिल्ल्यांची फळी तेवढी घरी न्यावी म्हणून मी खिडकीत गेले. माणसं केव्हाच पांगली होती, बिल्ले मात्र सगळे ओळीनं टांगलेले होते. फक्त पहिला खिळा रिकामा. मागच्या लाकडावर बिल्ल्याच्या आकाराचा स्वच्छ गोल उमटलेला.

मी मुकादमाला हाक मारत धावत सुटले. जहाज अडवून धरणाऱ्या लाकडी टेकूंवर घाव घालायला माणसं तयार होती. त्यांचा साहेब म्हणाला, "बाई, बाजूला व्हा. भरती थांबायची नाही."

"माझा भाऊ आत आहे!"

"आम्ही सगळ्या टाक्या बघून लावल्यात."

"ठोकून लावल्यात का?"

मुकादमानं हातोडी उचलून त्या टाकीवर आमची खूण वाजवली. आम्ही कान लावला. काही नाही. पुन्हा वाजवली. आत सगळं गार.

"बघा," साहेब म्हणाला. "माणूस असता तर उत्तर दिलं नसतं का?"

मी टेकूला मिठी मारली. म्हटलं, आता घाला घाव. शिव्याही घातल्या, आईनं ऐकल्या असत्या तर घराबाहेर काढलं असतं. शेवटी साहेबानं कपाळाला हात लावला आणि पाना मागवला.

झाकण निघालं तशी आतून कोंदट हवा बाहेर आली. बंद टाकीत लोखंड गंजताना आतली हवाच खाऊन टाकतं, बाबा सांगायचे. बॅटरीचा झोत एका कोपऱ्यात पोचला. धाकटा आडव्या पट्टीमागं, गुडघे छातीशी घेऊन बसला होता. गळ्यात बिल्ला, मांडीवर हातोडी. डोळे उघडे होते. ज्याला परतच यायचं नसतं तो बिल्ला घेत नाही, एवढंच मी स्वतःला सांगत राहिले.

मुकादमानं त्याला काखेत धरून वर काढलं. श्वास लागला, तसा माझा जीव भांड्यात पडला आणि मी त्याला दोन ठेवून दिल्या.

"आम्ही ठोकत होतो, मेल्या! उत्तर द्यायला काय झालं होतं?"

तो उन्हात डोळे किलकिले करून माझ्याकडे बघत राहिला. मग लहानपणी बोलायचा तसा हळू म्हणाला, "तूच म्हणालीस ना, नका ठोकू."

"कधी?"

"किती महिने ठोकत होतो, ताई. रोज तुमची जेवणं ऐकू यायची. मग तू आलीस. पत्र्याला तोंड लावून म्हणालीस, बाबा, पुरे करा, पोरगं वेडं होईल माझं. मी आतून ओरडलो, बाबा नाही गं, मी आहे. तुला ऐकू गेलं नाही. दोन ठोके दिले होते. तिसरा हातातच राहिला."

मुकादम म्हणाला, वारा लागला नाही म्हणून बरळतोय, सकाळीच तर आत गेला असेल. मी मान हलवली. पण त्या रविवारी गोदीत दुसरं कुणी नव्हतं.

जहाज गेलं. धाकटा आता घरीच असतो. बरा आहे, भाजी निवडतो, पेपर वाचतो. दाराशी आला तर ठोकत नाही, नुसता उभा राहतो, म्हणून दिवसा मी दार लावतच नाही. परवा जेवताना मध्येच घास खाली ठेवून त्यानं विचारलं, "त्या दिवशी मुकादमाचं ऐकून सील तोडलं असतं, तर मला बाहेर काढलं असतंस?"

"काढलं असतं की."

"मग तुझ्या शेजारी जो धाकटा उभा होता, त्याचं काय केलं असतंस?"

मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला आणि म्हटलं, "जेव आधी."