मनाच्या डॉक्टरांचा खडखड्या कूलर

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. अस्सल नागपुरी. अंग लोखंडी पत्र्याचे, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या आणि पुढे एवढा मोठा पंखा, की समोर बसणाऱ्याने डोक्यावरचे उरलेसुरले केस हाताने धरून ठेवावेत. लकडगंजातल्या एका दुकानात माझा जन्म झाला. कारागिराने माझे एक पाते जरा वाकडे बसवले, म्हणून मी सुरू झालो की खडखड, घरघर असा मोठा आवाज होतो. दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा, आवाज म्हणजे ताकद. गिऱ्हाइके हसायची आणि शेजारचा शांत कूलर घेऊन जायची.

शेवटी डॉ. प्रीती गजभिये यांनी मला पसंत केले. त्या मनाच्या डॉक्टर. मोठ्या इस्पितळातली नोकरी सोडून त्यांनी नागपूरच्याच नंदनवन वस्तीत स्वतःचा दवाखाना काढला होता. उदासी आणि ताण हा त्यांच्या संशोधनाचा विषय. नागपूरचा उन्हाळा, उडालेली झोप आणि खचलेले मन यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे त्यांना शोधायचे होते. त्यासाठी त्या प्रत्येक रुग्णाला दर महिन्याला तेच प्रश्न विचारत. झोप लागते का, भूक लागते का, रडू येते का.

विषय चांगला होता, पण मनाच्या डॉक्टरकडे स्वतःसाठी कोणी येतच नसे. कोणी मेव्हण्याच्या वतीने विचारायला येई, कोणाला नुसता गॅस झालेला असे. एक गृहस्थ तर रोज फक्त कूलरची हवा खायला आल्याचे सांगत. पण बाईंच्या खोलीत माझ्यासमोर बसले, मी सुरू झालो, की याच माणसांची तोंडे उघडत. माझ्या आवाजात बोलायचे म्हणजे ओरडावेच लागे. बाई खुर्ची जवळ ओढून, कान पुढे करून ऐकत. "मले रडू येते!" असे एकदा बेंबीच्या देठापासून ओरडल्यावर माणसाला पुढचे सांगायला लाज उरत नसे. मला वाटे, हा सगळा माझ्या थंडगार हवेचा गुण. मी मनातल्या मनात फुगून जाई.

एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर मारोतराव असेच माझ्यासमोर बोलते झाले. त्यांच्या पत्नी जिजाबाई वारल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांचे जेवणावरून मन उडाले होते. बाईंनी त्यांना औषध सुरू केले आणि दर महिन्याला बोलावले.

पुढे बाईंचे काम गाजले. दुसऱ्या शहरातल्या परिषदेत त्यांच्या निबंधाचे कौतुक झाले. त्या आनंदात त्यांनी दवाखान्यात एसी बसवला आणि माझी रवानगी मागच्या बाल्कनीत झाली. माझ्या डोक्यावर फाटक्या चपला आणि केरसुणी आली. खिडकीतून मला आतले सारे दिसे. तो एसी भिंतीवर असा गप्प बसलेला, जणू नवा जावई. मला त्याचा अतिशय राग येई.

आणि मित्रांनो, एक चमत्कार झाला. भर मे महिन्यात नंदनवनातले एकूण एक रुग्ण बरे झाले. झोप? छान. भूक? मस्त. रडू? छे. बाई हरखल्या. थंड खोलीत बसल्याने उदासी ओसरते, असे त्यांनी नव्या निबंधात लिहायलाही घेतले. मारोतरावही "एकदम फस्क्लास" म्हणू लागले. मग एके दिवशी बाईंनी त्यांना सांगितले, की आता औषध हळूहळू बंद करू, दर महिन्याला यायचीही गरज नाही.

मारोतराव उठले. दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

"मॅडम," ते म्हणाले, "तो जुना कूलर एकदा लावता का?"

खोली गारठली होती, तरी बाईंनी कारण विचारले नाही. बाहेर बसून नंबर लावणाऱ्या प्रेमिलाबाईंना त्यांनी हाक मारली आणि दोघींनी मला आत ओढले. "भंगारवाल्यालेही नको होता हा," असे पुटपुटत प्रेमिलाबाई बाहेर गेल्या. बटण दाबताच माझ्या अंगावरची सगळी धूळ उडाली. बाई शिंकल्या, मारोतराव शिंकले. मग ते पुन्हा खुर्चीत बसले.

"मी काही बरा नाही," ते ओरडले. "इतके दिवस खोटं सांगून राहिलो. रात्रभर डोळ्याले डोळा नाही. सकाळी वाटते, आज उठलोच नसतो तर बरं झालं असतं."

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी खुर्ची पुढे घेतली. "काका, मग आधी काहून नाही सांगितलं?"

मारोतरावांनी बाहेरच्या खोलीला लागून असलेल्या प्लायवूडच्या भिंतीकडे बोट केले. "त्या एसीत सारं तिकडं ऐकू जाते. प्रेमिलाबाई आमच्याच गल्लीतली आहे ना."

प्रेमिलाबाई स्वभावाने प्रेमळ, पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे, हे गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होते. फक्त बाईंना ठाऊक नव्हते. आणि मलाही नव्हते. माझ्या थंड हवेचा गुण! माझा सगळा ताठा त्या दिवशी उतरला. माणसे माझ्या हवेला नव्हे, माझ्या गोंगाटाला भुलली होती. बाईंनी मारोतरावांना जाऊ दिले नाही. औषध वाढवले, त्यांच्या मुलीला फोन लावून बोलावून घेतले, आणि नवा निबंध फाडून टाकला.

तेव्हापासून मी पुन्हा आत आहे. थंडीतही बाई मला पाण्यावाचून चालवतात आणि रुग्ण शाली पांघरून मन मोकळे करतात. एका मिस्त्रीने माझे पाते सरळ करून देतो म्हटले, तर बाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवले.

परवा मारोतराव आले. अंगाने जरा भरलेले दिसत होते. बाईंनी सवयीने माझ्या बटणाकडे हात नेला.

"राहू द्या मॅडम," ते म्हणाले. "आज तसंच सांगतो. ऐकू दे कोणाले ऐकायचं ते."

मी गप्प उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहण्यात मला आनंद झाला.

मित्रांनो, दर उन्हाळ्यात आमच्या ताट्या बदला आणि टाकीत स्वच्छ पाणी भरा, एवढे आम्हा कूलरांचे मागणे. पण तुमच्या घरात कोणी "मी ठीक आहे" म्हणाले, तर लगेच उठून जाऊ नका. दार लावा, खुर्ची जवळ ओढा आणि पुन्हा एकदा विचारा.