खालच्या तुकड्यातला गांजा

बद्रुद्दीनच्या खालच्या तुकड्यातला गांजा पिवळा पडू लागला तो ऐन फुलोऱ्यात. नर झाडं उपटून झाली होती, मादी झाडांच्या शेंड्यांना तुरे धरले होते. सातपुड्याकडून गार वारं सुटलं की वरच्या तुकड्यातून असा उग्र वास यायचा की बैलसुद्धा मान फिरवायचे. खालच्या तुकड्यात मात्र वास नव्हता, आणि पानं हळदीत बुडवून काढल्यासारखी दिसत होती.

जळगाव जामोदच्या त्या शिवारात सरकारी परवान्यानं गांजा लावणारी घरं थोडीच. बद्रुद्दीनकडे परवाना बापाच्या वेळेपासूनचा. पीक आपण लावायचं, पण त्यातलं पानही आपलं नसायचं. आबकारी इन्स्पेक्टर उभ्या पिकाचा अंदाज घेऊन जायचा आणि कापणीनंतर तेवढा माल सरकारी गोदामात भरावा लागायचा. कमी भरला की एकच अर्थ निघायचा: चोरून विकला. मागच्या साली शेजारच्या कडूबाचा माल कमी भरला. पिकाले कीड लागली होती, असं तो ओरडून सांगत राहिला. पण तोवर झाडं कापून झाली होती, दाखवायला काही उरलं नव्हतं. कडूबा बुलढाण्याच्या तुरुंगात गेला. त्याची बायको गोजरबाई आता दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची. बद्रुद्दीनच्या शेतातही यायची, आणि ती बांधावर दिसली की बद्रुद्दीन तिच्याकडे पाहायचं टाळायचा.

यंदाचा अंदाज झाला तेव्हा दोन्ही तुकडे हिरवेगार होते. लक्ष्मीकांत नावाचे इन्स्पेक्टर खूश होऊन, भरपूर माल धरून गेले होते.

बद्रुद्दीननं धाकट्या भावाला, अब्दुल गनीला, बांधावर गाठलं.

"खालच्या तुकड्यात खत टाकलं होतं का तू?"

"टाकलं ना भाई. तुमच्यासमोरच तर गाड्या भरल्या."

"भरल्या माझ्यासमोर. रित्या कुठं केल्या?"

"मंजे मी खत विकलं म्हणता?"

"मग झाडं उपाशी काऊन मरून राह्यली बे? वरचा तुकडा पाहा अन् हा पाहा!"

शब्दाला शब्द लागला. बद्रुद्दीनच्या तोंडून 'चोर' हा शब्द गेला, तोही गोजरबाई आणि निंदणाऱ्या बाया ऐकत असताना. गनीनं हातातलं फावडं खाली ठेवलं, बायकोला घेतलं आणि त्याच दिवशी वडनेर भोलजीला सासरी निघून गेला. बद्रुद्दीन त्याच्या मागे गेला नाही.

झाडं उपाशी आहेत यावर बद्रुद्दीनचा पक्का विश्वास होता. त्यानं मेंढवाड्यातून लेंड्या आणल्या, पाण्यात कालवल्या आणि झाडाझाडाच्या बुडाशी ओतल्या. वरून विहिरीचं पाणी सोडलं. मोटेमागे तो आणि बैल दोघंही थकून गेले. पण पिवळेपणा उतरायच्या ऐवजी वाढला. शेंड्याची पानं आता पांढुरकी दिसू लागली, त्यांच्या कडा करपल्या. तुरे भरेनात. बोटानं दाबले तर आत चीक नाही, नुसता भुसा. त्यानं आणखी खत घातलं, आणखी पाणी दिलं. जेवायला बसला की घास तोंडात फिरायचा. नमाजाला उभा राहिला की दुआ विसरायचा.

"मले कडूबासारखं नेतील," तो बायकोला, खुर्शीदाला, म्हणाला. "लेकरांले घेऊन तू कुठं जाशील?"

खुर्शीदा एरवी या पिकाच्या वाटेला जात नसे. त्या दिवशी ती त्याच्यासोबत खालच्या तुकड्यात आली आणि एका झाडापाशी बराच वेळ बसून राहिली.

"अजी, कपाशीची पऱ्हाटी उपाशी पडली की कुठून पिवळी पडते?"

"बुडातून. जुनी पानं आधी जातात."

"मग हे पाहा." तिनं खालचं पान हातात धरलं. ते हिरवं होतं. मग शेंड्याचं कोवळं पान वळवून दाखवलं. पान पिवळं, पण त्यातल्या शिरा हिरव्या, एखाद्यानं काडीनं रेघा ओढाव्या तशा. "हे वरून पिवळं होऊन राह्यलं. ही भूक खताची नाही. दुसरंच काही आहे."

बद्रुद्दीन खाली बसला. झाडामागून झाड त्यानं पाहिलं. सगळीकडे तेच. इतके दिवस तो रोज या पानांकडे बघत होता, पण त्याला पिवळा रंग तेवढा दिसला होता, तो कुठून सुरू झाला हे पाहायला तो थांबलाच नव्हता.

त्यानं फावडं घेऊन एक झाड मुळासकट काढलं. वरची काळी माती वीतभर, आणि त्याखाली पांढरी चुनखडी. मुळं त्या चुनखडीत शिरून तांबूस, आखूड होऊन राहिली होती.

ती चुनखडी कुठून आली हे कोणी सांगायची गरज नव्हती. उन्हाळ्यात विहीर खोल केली तेव्हा गाड्याच्या गाड्या पांढरा गाळ निघाला होता. खालचा तुकडा खोलगट म्हणून बद्रुद्दीननंच तो तिथं पसरून वर काळ्या मातीचा थर द्यायला लावला. गनी म्हणाला होता, "भाई, हे नाल्यात टाकू. जमीन खराब होईन." तेव्हा बद्रुद्दीन त्याला हसला होता.

तो तिथंच मातीत बसून राहिला. खुर्शीदानं त्याच्या खांद्याला हात लावला, तर तो म्हणाला, "तो सांगत होता. मी त्याले चोर म्हटलं."

खुर्शीदाचे वडील गावात रंगारी होते. त्यांच्या हौदाजवळची जमीनही अशीच पांढरी, तरी तिथलं लिंबाचं झाड काळंभोर हिरवं असायचं. काळ्या रंगासाठी ते हिराकस, लोखंडाचा हिरवट क्षार, वापरत आणि ते पाणी झाडाच्या बुडाशी सांडे. खुर्शीदा माहेरी जाऊन हिराकसची पुडी घेऊन आली. थोडी पाण्यात विरघळवून दोघांनी काही झाडांना घातली. बाकीच्यांना मोटेचं पाणी बंद केलं, कारण ओल साचली की चुनखडी जास्तच जाचत होती.

हिराकस घातलेल्या झाडांना नवी पानं फुटली ती हिरवी फुटली. बद्रुद्दीन त्या पानांवरून बोट फिरवत राहिला. पण तुऱ्यांची वेळ निघून गेली होती. तुरे जसे होते तसेच वाळत चालले. दुखणं सापडलं होतं, आणि त्याचा आता उपयोग नव्हता.

एक गोष्ट मात्र त्याच्या हातात उरली होती. झाडं अजून उभी होती. तो कापणीची वाट न पाहता स्वतः इन्स्पेक्टरांकडे गेला आणि पाया पडून त्यांना शेतात घेऊन आला.

लक्ष्मीकांतांनी खालचा तुकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा कठोर झाला. "मी एवढा माल धरला होता. हे निम्मंही नाही. तुझा भाऊ कुठे आहे?"

"वडनेर भोलजीले, साहेब. सासरी."

"पिकाच्या ऐन वेळी? अन् गावात बोलतात की तू त्याला चोर म्हणालास. तुरे खुडून तो घेऊन गेला असेल तर आत्ताच सांग. तुझ्यावर काही येणार नाही."

एक शब्द बोलला असता तर परवाना वाचला असता, लेकरं वाचली असती. निंदणाऱ्या बायांनी साक्षही दिली असती, कारण त्यांनी ऐकलं ते खरंच होतं. पलीकडे गोजरबाई विळा थांबवून बघत होती.

"नाही साहेब," तो म्हणाला. "त्यानं एक पान नेलं नाही. मी रागात खोटं बोललो. ही जमीन मी मारली. तुम्ही कोनतंही झाड सांगा, मी उपटून दाखवतो."

इन्स्पेक्टरांनी छडीनं एक झाड दाखवलं. मग दुसरं. मग बांधापलीकडच्या वरच्या तुकड्यातलं. बद्रुद्दीन झाडं उपटत गेला, मुळं झटकून त्यांच्यापुढे धरत गेला. खालच्या तुकड्यातली मुळं पांढऱ्या मातीत माखलेली, वरच्यातली काळ्या. तुरे खुडल्याची खूण एकाही फांदीवर नव्हती. इन्स्पेक्टर फांद्या उलटसुलट करून पाहत राहिले.

"चोरीचा गुन्हा नाही लावत," शेवटी ते म्हणाले. "पण माल भरत नाही त्याचा परवाना चालू ठेवता येत नाही. पुढच्या साली दुसरं काही पेर."

बद्रुद्दीननं मान हलवली. बापाचं नाव ज्या कामानं या शिवारात होतं ते काम तिथंच संपलं. इन्स्पेक्टर गेल्यावर तो बांधावर बसून लहान पोरासारखा रडला.

मग तो वडनेर भोलजीला गेला. गनी सासऱ्याच्या ओट्यावर दोर वळत होता. त्यानं वर पाहिलं, पण उठला नाही.

"साहेबासमोर सांगून आलो," बद्रुद्दीन म्हणाला. "चूक माझी होती. चुनखडीनं गेलं पीक."

"मले कोनाच्या सांगन्याची गरज नव्हती, भाई. मले माहीत होतं मी चोर नाही."

"घरी चल."

गनीनं बराच वेळ दोर वळला. पीळ घट्ट होत गेला.

"कापनीले येतो," तो म्हणाला. "वरच्या तुकड्याले मानूस लागन. पन झोपाले घरी येनार नाही."

गनीच्या सासूनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. बद्रुद्दीन उभ्यानंच पाणी प्यायला आणि वाटेला लागला.